राष्ट्रांविरुद्धची भविष्यवचने

हिब्रू बायबलमधील (ख्रिस्ती ‘जुन्या करारातील’) संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांनी, इस्राएल (उत्तरेचे राज्य) व यहूदा (दक्षिणेचे) यांच्या जवळच्या आणि दूरच्या राष्ट्रांना उद्देशून उच्चारलेली न्यायवचने. यशया १३–२३, यिर्मया ४६–५१ आणि यहेज्केल २५–३२ हे त्यांचे तीन मोठे संग्रह (नावे ग्रंथांची, अंक अध्यायांचे). आमोसचा ग्रंथ अशाच वचनांनी सुरू होतो आणि सफन्याच्या दुसऱ्या अध्यायाचा बराचसा भाग त्यांनी व्यापला आहे. नहूमचा सगळा रोख निनवे या अश्शूरच्या (असिरियाच्या) राजधानीवर आहे, तर अवघ्या २१ वचनांच्या ओबद्याचा अदोमावर.

प्राचीन पश्चिम आशियात राज्याराज्याचा देव वेगळा असे. इस्राएलशेजारच्या मवाबचा राजा मेशा याचा इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धीबान येथे उजेडात आला. कमोश देव आपल्या भूमीवर कोपला होता म्हणून इस्राएलने मवाबला गांजले, असे त्यात कोरले आहे. देव आपल्याच लोकांना शासन करतो ही समजूत म्हणजे शेजाऱ्यांतही होती. संदेष्टे त्यापुढे गेले. परमेश्वराचे नावही न घेणारी राष्ट्रे त्याच्याच न्यायासनापुढे उभी आहेत, असे ते सांगतात. आमोसने ‘अपराध’ या अर्थी योजलेल्या हिब्रू शब्दाचे मूळ बंडाचे आहे. अहाब राजा मेल्यावर मवाबने इस्राएलविरुद्ध बंड केले, असे सांगताना २ राजे या ग्रंथात त्याच धातूचे क्रियापद आले आहे. एखाद्या मांडलिकाने अधिपतीविरुद्ध उठावे, तशी ही राष्ट्रे परमेश्वराविरुद्ध उठली आहेत, हा अर्थ त्या शब्दात आधीपासूनच आहे.

वचनाचा साचा बहुधा ठरलेला असतो: ‘परमेश्वर म्हणतो’ ही सुरुवात, मग ‘कारण’ म्हणून आरोप, मग ‘म्हणून’ शिक्षा. यहेज्केलच्या २५ व्या अध्यायात हे सांधे अगदी उघडे दिसतात. यरुशलेमचे मंदिर विटाळले तेव्हा अम्मोनी लोकांनी टाळ्या पिटल्या, पाय आपटले; म्हणून त्यांचा देश पूर्वेकडच्या लोकांच्या हाती जाईल, आणि मग ‘मी परमेश्वर आहे हे तुम्हांला समजेल’. वाचताना क्रियापदाच्या काळाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. घडायची गोष्ट घडून गेल्यासारखी सांगण्याची हिब्रूत रीत आहे. त्यामुळे ‘पडला, बाबेल (बॅबिलोन) पडला’ एवढ्यावरून ते वचन बाबेलच्या पाडावानंतरचे ठरत नाही.

सर्वांत बारकाईने वाचावा असा संग्रह आमोसचा (१:३–२:१६). आमोस यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ, पण इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यास तो बोलला उत्तरेच्या इस्राएल राज्यात. ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चार अपराधांमुळे’ असे पालुपद धरून तो एकेका राष्ट्राचे नाव घेतो. दिमिष्काने (दमास्कसने) गिलादाला, म्हणजे यार्देन नदीपलीकडच्या इस्राएली प्रदेशाला, लोखंडी दात्यांच्या मळणीफळीखाली मळले. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. तिकडे बैलांमागे जड फळी ओढत आणि तिच्या खालच्या अंगाला ठोकलेल्या दगडी किंवा लोखंडी दात्यांनी कणसे फाटत. त्या फळीखाली माणसे घातली, असा आरोप आहे. गज्जाने (गाझाने) आणि सोरने (टायरने) वस्त्याच्या वस्त्या अदोमाच्या हवाली केल्या. अदोमाने भावावर, म्हणजे इस्राएलवर, तलवार उपसली; दोन्ही लोक दोन भावांचे वंशज मानले जात. अम्मोनने आपली सीमा वाढवण्यासाठी गर्भवतींची पोटे चिरली. मवाबने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. हा शेवटचा आरोप नजरेआड होऊ देऊ नये. त्यात इस्राएलचे काहीच बिघडलेले नाही. एका शत्रूने दुसऱ्या शत्रूच्या राजाच्या प्रेताची केलेली विटंबना परमेश्वर आपल्या न्यायकक्षेत घेतो. ‘आमचा शत्रू म्हणून दोषी’ असे या वचनांचे सूत्र मांडणारे इथेच चुकतात.

यानंतर पाळी येते यहूदाची आणि मग खुद्द ऐकणाऱ्यांची, म्हणजे इस्राएलची. पहिल्या सात राष्ट्रांना मिळून १८ वचने, एकट्या इस्राएलला ११. सातही ठिकाणी शिक्षा आगीची. इस्राएलच्या वाट्याला आग नाही, पेंढ्यांनी लादलेल्या गाडीखाली दडपले जाणे आहे. त्यांचा गुन्हा युद्धातला नाही, बाजारातला आहे: जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणे.

परमेश्वर शिक्षा घडवतो ती बहुधा दुसऱ्या राष्ट्राच्या हातून, आणि ते राष्ट्र त्यामुळे निर्दोष ठरत नाही. यशया १० मध्ये अश्शूर ही परमेश्वराच्या क्रोधाची काठी आहे. पण कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारावी काय, असे विचारून तिचाही झाडा घेतला जातो. यिर्मया बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याला परमेश्वराचा ‘सेवक’ म्हणतो आणि पुढे बाबेलचाही नाश सांगतो. इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल घेणाऱ्या पर्शियन राजा कोरेशाला (सायरसला) तर यशया ४५ मध्ये ‘अभिषिक्त’ म्हटले आहे.

जाहीर झालेला न्याय अटळच असतो असे नाही. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या चाकापाशी नियमच सांगितला आहे: राष्ट्र वळले तर योजलेले अरिष्टही मागे घेतले जाईल. योनाच्या ग्रंथात निनवेला ४० दिवसांची मुदत मिळते आणि नगर वाचते. नहूमच्या ग्रंथात त्याच नगराची गय नाही. बाबेली आणि मेदी सैन्यांनी ते इ. स. पू. ६१२ मध्ये पाडले.

सोरचे उदाहरण अधिक अवघड आहे. यहेज्केल २६ मध्ये नबुखद्रेस्सर हे बेटावरचे बंदर घेईल आणि तिथे जाळी वाळवण्यापुरता उघडा खडक उरेल, असे आहे. वेढा १३ वर्षे चालल्याचे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफसने नोंदले आहे. अध्याय २९ मधील इ. स. पू. ५७१ चे वचन सांगते की प्रत्येक डोक्याचे टक्कल पडले, प्रत्येक खांदा सोलवटला, तरी राजाला आणि सैन्याला सोरकडून मजुरी मिळाली नाही. तिच्या बदली मिसर देश त्यांना दिला आहे. हे दुसरे वचन जपणाऱ्यांनी पहिले खोडले नाही, दोन्ही एका ग्रंथात ठेवली. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. केवळ इ. स. पू. ३३२ मधील अलेक्झांडरचा सोरवरील विजय दाखवून हिशेब जुळवला, की अध्याय २९ वाचायचाच राहून जातो.

संग्रहांचा क्रमही स्थिर नव्हता. यिर्मयाच्या हिब्रू प्रतीत ही वचने ग्रंथाच्या शेवटाकडे आहेत, मिसर पहिला आणि बाबेल अखेरचा. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ती २५ व्या अध्यायाच्या मध्यात येतात आणि आरंभ एलामपासून होतो. यिर्मयात येणारे ‘शेशख’ हे नाव बाबेलचेच आहे: हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी उपान्त्य, असे अक्षर बदलून ते तयार होते.

मराठी बायबलातील सोर आणि अश्शूर ही नावे हिब्रू उच्चारांना धरून आहेत, तर मिसर आणि दिमिष्क ही अरबी रूपांच्या जवळची. आजच्या नकाशावर सोर, मिसर आणि दिमिष्क अनुक्रमे टायर (लेबननमधील सूर), इजिप्त आणि दमास्कस या नावांनी शोधावी लागतात; अश्शूर म्हणजे प्राचीन असिरिया. मात्र उच्चारावरून आजचे देश ठरवणे धोक्याचे. यहेज्केल ३८ मधील ‘रोश’ म्हणजे रशिया, असे सांगितले जाते. पण हिब्रूत ‘रोश’ म्हणजे डोके किंवा प्रमुख, आणि त्याच्या शेजारची मेशेख व तुबाल ही नावे आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन लोकांची आहेत.