टल्सा हत्याकांड : वंशजांचे दावे

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ३१ मे व १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती लुटून जाळली. बाराशेहून अधिक घरे नष्ट झाली. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. तत्कालीन सरकारी आकडा ३६ होता. २००१ च्या राज्य आयोगाने ३९ मृत्यूंची खातरजमा केली. काही अभ्यासकांचे अंदाज ३०० पर्यंत जातात. ३९ हा किमान आकडा मानणे इष्ट. पोलीसप्रमुख कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरला. खून व जाळपोळ मात्र अदंडितच राहिली. दंगलीतील नुकसान वगळणाऱ्या कलमावर बोट ठेवून विमा कंपन्यांनी दावे नाकारले आणि १९२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार ग्राह्य धरला.

आयोगाच्या अहवालानंतर २००३ मध्ये वाचलेले व वंशज संघराज्य न्यायालयात गेले. दावा दाखल करण्याची मुदत अहवालापासून मोजावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. पूर्वीच्या दहशतीत न्याय मागणे अशक्य होते हे न्यायालयाला पटले, पण ती सबब २००३ पर्यंत लांबवता येत नाही, असे म्हणून दावा मुदतबाह्य ठरवण्यात आला. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. २०२० च्या दाव्यात म्हणूनच सार्वजनिक उपद्रवाच्या, म्हणजे समाजाला त्रासदायक ठरणाऱ्या कृत्यांविषयीच्या, कायद्याचा आधार घेतला गेला. ओक्लाहोमात असा उपद्रव कितीही काळ लोटला तरी कायदेशीर ठरत नाही. मुदतीची अडचण टळली, पण उपद्रवाची व्याख्या आड आली. अफूजन्य औषधांच्या खटल्यात २०२१ मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती आखडून घेतली होती. २०२२ मध्ये वंशज दाव्यातून वगळले गेले. उरलेल्या तीन शतायुषी वादींचा दावा २०२३ मध्ये फेटाळला गेला आणि १२ जून २०२४ रोजी तो निर्णय कायम झाला. वादींची तक्रार रास्त, पण ती या कायद्यात बसत नाही, असा निकालाचा आशय. केंद्रीय न्याय विभागानेही जानेवारी २०२५ च्या अहवालात फौजदारी कारवाईचा मार्ग उरला नसल्याचे नमूद केले.

हत्याकांडातील बळींच्या शोधासाठी टल्सातील ओकलॉन दफनभूमीतील बेवारस कबरींचे उत्खनन २०२० मध्ये सुरू झाले. नातलगांच्या डीएनए नमुन्यांवरून २०२४ मध्ये सी. एल. डॅनियल या पहिल्या महायुद्धातील सैनिकाची ओळख पटली. जून २०२५ मध्ये महापौर मनरो निकोल्स यांनी १०.५ कोटी डॉलरच्या खाजगी न्यासाची योजना जाहीर केली. तीत वंशजांना थेट रोख भरपाईची तरतूद नाही.