फियाट घरातच का राहिली

पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात, पार्ल्यातल्या एखाद्या सोसायटीत अजूनही कापडी कव्हराखाली झाकलेली फियाट दिसते. कव्हर काढलं की चकचकीत क्रोम, पुढे सलग सोफ्यासारखी सीट, स्टिअरिंगलाच असलेला गिअरचा दांडा. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि 'विकायची नाही' हे घरात सगळ्यांना न सांगता ठाऊक असलेलं. जिव्हाळा तर आहेच, पण तो इतका घट्ट का झाला हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जात. गाडीचे भाग हळूहळू इथेच बनवणाऱ्यांनीच या धंद्यात राहावं, असं धोरण आयात शुल्काबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर पक्कं झालं. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही तेव्हा काम गुंडाळलं. प्रीमियर मात्र टिकली, आणि इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिच्या गोलसर, फुगीर घडणीमुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं आणि प्रेमानेच म्हटलं. १९६४ साली कोनदार अंगाची डिलाइट आली. फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपल्यावर हीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. चितोडच्या राणीचं नाव कितीही देखणं असलं, तरी घरात तिला सगळे फियाटच म्हणत राहिले.

खरी गोष्ट आहे ती प्रतीक्षेची. गाड्या किती बनवायच्या हे परवान्यावर ठरे, किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं. आगाऊ पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. अशी मिळालेली गाडी चार वर्षांत बदलायचा विचार कोण करणार? १९८३ साली मारुती आली तोवर गाडी जपणं हा मध्यमवर्गीय घराचा स्वभाव झाला होता.

आणि ही गाडी जपता येण्यासारखी होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक कार्बोरेटर, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. तिचं वैर एकाच गोष्टीशी, ते म्हणजे गंज. तिला वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारी खालची चौकट, नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तळाचा पत्रा सडला, तर नुसत्या डेंटिंग-पेंटिंगने भागत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर मॅट उचलून तळ तपासणाऱ्यांच्याच गाड्या आज उभ्या आहेत.

दुसरा आधार होता काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. हजारो टॅक्स्या याच बनावटीच्या असल्याने मुंबईत फियाटचा फिटर आणि सुटे भाग सहज मिळत. घरच्या गाडीलाही त्याच बाजाराने जगवलं, हे श्रेय टॅक्सीवाल्यांना कमीच दिलं जातं. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली आहेत. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २० वर्षांची मर्यादा संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईकच संपलं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली. जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली मोठी सोय. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फेरी मारणाऱ्या घरांना हे पटत नाही. ती आपली साधी नोंदणीच ठेवतात आणि दर पाच वर्षांनी गाडी धुऊन-पुसून आरटीओत तपासणीला नेतात.