घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये रिअ‍ॅलिझम आणि क्रॅशची सेटिंग्ज कशी ठेवावीत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

योक (विमान वळवण्याचे हँडल), रडर पेडल (शेपटीवरचा उभा पडदा, म्हणजे रडर, पायांनी फिरवण्याची) किंवा पूर्ण संच घरी बसवून झाला की ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : रिअ‍ॅलिझम किती ठेवायचा, म्हणजे विमान खऱ्यासारखे किती वागू द्यायचे? नवशिक्याने तो कमी ठेवावा आणि हात बसेल तसा वाढवत न्यावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि सिम्युलेटरमधील तयार पर्यायांमुळे ती आणखी पक्की होते. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये सोपे, मध्यम व कठीण असे पर्याय होते, तर २०२० च्या आवृत्तीत ‘ऑल असिस्ट्स’, ‘मिडल ग्राउंड’ आणि ‘ट्रू टू लाइफ’ असे आहेत. आमचे मत असे की या तयार पर्यायांपैकी कोणताही जसाच्या तसा स्वीकारू नये, कारण त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टींचे निर्णय एकत्र बांधलेले असतात : विमानावर कोणती बले काम करतील, वैमानिकाचे कोणते काम संगणक करील, आणि चूक झाल्यावर पुढे काय होईल. या तिन्ही गोष्टींचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.

पहिल्या गोष्टीबाबत आमचा सल्ला ठाम आहे. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये सर्वसाधारण उड्डाण, पी-फॅक्टर (नाक वर असताना प्रोपेलरच्या एका बाजूची जास्त ओढ), टॉर्क (प्रोपेलर फिरण्याची उलट प्रतिक्रिया) आणि जायरो (फिरत्या प्रोपेलरचा भोवऱ्यासारखा परिणाम) यांचे स्वतंत्र स्लायडर आहेत. ते पहिल्या दिवसापासून पूर्ण उजवीकडे, म्हणजे पूर्ण वास्तवाकडे, ठेवावेत. सेस्ना १७२ सारखे एका इंजिनाचे विमान धावपट्टीवर उभे करून थ्रॉटल पूर्ण उघडले की नाक डावीकडे सरू लागते. कॉकपिटमधून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याची प्रतिक्रिया आणि मागे फेकला जाणारा हवेचा पिळदार झोत हे दोन्ही विमानाला डावीकडे ढकलतात, आणि नाक वर उचलताच पी-फॅक्टरची त्यात भर पडते. म्हणून उजवे पेडल टेक-ऑफच्या धावेत तर दाबावे लागतेच, पण चढ सुरू असेपर्यंतही ते थोडे दाबून ठेवावे लागते. स्लायडर डावीकडे असतील तर विमान आपोआप सरळ धावते आणि पायांना काहीच शिकायला मिळत नाही. मग महिन्याभराने कोणी ते स्लायडर वाढवले की विमान एका बाजूला ओढते आणि दोष पेडलच्या माथी बसतो. दुरुस्तीसाठी पेडल पाठवण्यापूर्वी हे एकदा तपासून पाहावे, ही विनंती. बाहेरून विकत घेतलेली तपशीलवार विमानेही सामान्यतः पूर्ण रिअ‍ॅलिझम गृहीत धरूनच घडवलेली असतात, त्यामुळे कमी सेटिंगवर त्यांचे वागणे सोपे होण्याऐवजी विचित्र होते.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरची पद्धत निराळी आहे. तो पंख व प्रोपेलर यांचे लहान लहान भाग करून प्रत्येकावरील बलाचे गणित करतो, त्यामुळे तेथे पी-फॅक्टर कमीजास्त करण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये स्थिरीकरणाचे स्लायडर असतात. ते शून्यावर ठेवावेत, कारण ते आपल्या नकळत विमान सावरत राहतात.

विमान फार उड्या मारते, हातात ठरत नाही, अशी तक्रार असेल तर तिचा रिअ‍ॅलिझमशी बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो. खऱ्या विमानाचा योक बराच लांब हलतो, तर टेबलावरच्या जॉयस्टिकची दांडी जेमतेम काही सेंटिमीटर. तेव्हा उड्डाणाचे गणित ढिले करण्याऐवजी दांडीची संवेदनशीलता कमी करावी आणि मधली निष्क्रिय पट्टी, म्हणजे डेड झोन, अगदी थोडी ठेवावी.

दुसरी गोष्ट साहाय्याची, आणि तिचे उत्तर आपल्या अनुभवापेक्षा आपल्याकडील साहित्यावर अधिक अवलंबून आहे. पेडल नसतील आणि जॉयस्टिक पिळूनही रडर चालत नसेल, तर ऑटो-रडर, म्हणजे रडर आपोआप फिरवण्याची सोय, चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. पेडल घेतली असतील तर मात्र ते त्याच दिवशी बंद करावे. ऑटो-रडर एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखांवरील पट्ट्यांच्या) जोडीने रडर फिरवते. पण आडव्या वाऱ्यात उतरताना पंख एका बाजूला झुकवून रडर नेमके विरुद्ध बाजूला द्यावे लागते, आणि ऑटो-रडर चालू असताना हे करताच येत नाही. पिळता येणाऱ्या जॉयस्टिकमध्ये एक बारीक अडचण असते. दांडी डावी-उजवीकडे झुकवताना मनगट नकळत वळते आणि रडरही हलते, म्हणून त्या अक्षाचा डेड झोन इतरांपेक्षा थोडा मोठा ठेवावा.

इंधन व हवेचे मिश्रण आपोआप राखण्याची सोय सुरुवातीला चालू राहिली तरी बिघडत नाही. हजारो फुटांवर हवा विरळ झाल्यावर इंधनाचे प्रमाण हाताने कमी करणे ही पुढची पायरी आहे, तिची घाई नको. अमर्याद इंधनाची सोय मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नाही. सेस्ना १७२ एसचे वापरण्याजोगे इंधन ५३ गॅलन, म्हणजे सुमारे १४४ किलो भरते, आणि तिचे टेक-ऑफचे कमाल वजन आहे १,१५७ किलो. म्हणजे वजनाचा सुमारे आठवा हिस्सा इंधनाचाच असतो. ते जळलेच नाही तर प्रवासाअखेर विमान हलके होत नाही, आणि उतरताना त्याचे वागणे सुरुवातीइतकेच जड राहते.

वेगदर्शकावर ‘इंडिकेटेड’ (हवेच्या दाबावरून मोजलेला, दर्शित) वेगच दिसू द्यावा, ‘ट्रू’ (हवेतला खरा) नव्हे. फ्लॅपच्या (उतरताना पंखांमागे उघडायच्या पट्ट्यांच्या) मर्यादा आणि स्टॉलचे (पंखांची उचल अचानक कमी होण्याचे) वेग हे सारे दर्शित वेगात दिलेले असतात. दर हजार फुटांमागे खरा वेग दर्शित वेगापेक्षा साधारण २ टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे ८,००० फुटांवर दर्शित वेग १०० नॉट असेल तेव्हा खरा वेग ११५ नॉटच्या आसपास असतो. तबकडीवर तो खरा वेग पाहून कोणी उंचावरच्या विमानतळावर उतरू लागला, तर तो स्टॉलच्या धोकादायक जवळ जातो.

आता क्रॅशविषयी. येथेही दोन वेगळ्या सेटिंग्जची गल्लत होते. जमिनीवर, इमारतीवर किंवा दुसऱ्या विमानावर आदळल्यास उड्डाण थांबवणे ही एक. हवेतच मर्यादा ओलांडल्यास विमानाचे नुकसान होणे, म्हणजे स्ट्रेस डॅमेज, ही दुसरी. ही दुसरी सेटिंग लवकर चालू करावी, असे आम्ही सुचवतो. सेस्ना १७२ एसची वेगाची अंतिम मर्यादा १६३ नॉट आहे, पूर्ण फ्लॅप ८५ नॉटच्या वर उघडायचे नसतात, आणि नॉर्मल श्रेणीत तिचा सांगाडा ३.८ जीपर्यंतच्या (वजनाच्या ३.८ पट) भारासाठी प्रमाणित आहे. या आकड्यांना काही परिणाम जोडलेला नसेल तर ते केवळ पाठ करण्याचे आकडे राहतात. परिणाम दिसू लागला की नाक खाली करताना हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. अपवाद एकच : वेळ चौपट किंवा त्याहून जलद चालवायची असेल तर ही सेटिंग तेवढ्यापुरती बंद करावी, कारण त्या गतीत ऑटोपायलट हेलकावे खाऊ लागतो आणि आपली काही चूक नसताना विमान मोडते.

जमिनीवरच्या क्रॅशचे उलटे आहे. लँडिंग शिकत असताना ही सेटिंग बंद ठेवणेच शहाणपणाचे, असे आम्हांला वाटते. विमान धावपट्टीवर आपटून उसळी घेते त्या क्षणी नाक स्थिर धरणे, पूर्ण शक्ती देणे आणि फेरी मारून पुन्हा येणे, हेच तर शिकायचे असते; क्रॅश चालू असेल तर पडद्यावर सूचना येते, उड्डाण प्रारंभाला जाते आणि तो क्षण हातचा निसटतो. मात्र सेटिंग बंद असताना आपले परीक्षण आपणच करावे लागते. चाके टेकतानाचा खाली येण्याचा वेग पाहण्याची सवय लावावी. मोठ्या प्रवासी विमानांचे लँडिंग गिअर उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट वेगाच्या धक्क्यासाठी आखलेले असते, आणि रोजच्या लँडिंगमध्ये हा वेग त्याहून पुष्कळ कमी असतो. ६०० च्या पुढचा आकडा दिसला तर सिम्युलेटर गप्प राहिला तरी ते लँडिंग फसले असे धरावे. क्रॅश सहनशीलतेचा स्लायडर मध्यावर ठेवण्याची तडजोड आम्ही सुचवत नाही. त्याने किती माफ केले, हे कळायला मार्ग नसतो.

लँडिंग जमू लागल्यावर क्रॅश जरूर चालू करावा, पण दृश्यांचे अतिरिक्त संच बसवलेले असतील तर सावध राहावे. काही इमारतींभोवतीची अदृश्य सीमा दिसणाऱ्या भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते, किंवा नव्या विमानतळाची जमीन आणि मूळ भूभागाची उंची जुळत नाही. परिणामी सहा तासांचे उड्डाण करून, उत्तम उतरून, विमान गेटकडे वळत असताना मोकळ्या जागेतच क्रॅश होतो. असा प्रकार एकदा झालेल्या विमानतळावर जाताना ती सेटिंग बंद ठेवावी आणि लांबच्या उड्डाणात अधूनमधून स्थिती जतन करावी. अनेकांसोबत ऑनलाइन उडताना दुसऱ्या विमानांशी होणारी टक्कर बंदच असावी. एकाच पार्किंगवर दोघे प्रकट झाले तर त्यात कोणाचेही कौशल्य तपासले जात नाही.

सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदलावे आणि तोच विमानतळ, तेच हवामान व तेवढेच इंधन ठेवून दोन-तीन फेऱ्या माराव्यात, म्हणजे फरक कशामुळे पडला हे कळते. सिम्युलेटर नव्याने बसवल्यावर, किंवा घरातील दुसऱ्या कोणी त्याच खात्यावर उड्डाण केले असल्यास, ऑटो-रडर, इंधन आणि स्ट्रेस डॅमेज ही तीन सेटिंग्ज इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावीत.