पापण्यांनी वेचायचं मीठ

मीठ सांडलं की आमची आजी ओरडायची, "अगं, वर गेल्यावर देव पापण्यांनी वेचायला लावतो!" मग ती स्वतःच खाली बसून बोटाच्या पेरानं एकेक खडा टिपायची आणि तेच बोट डोळ्यांना लावायची. शेजारच्या अज्जी कन्नडमधून साथ द्यायच्या, "उप्पिगिंत रुची इल्ला, तायिगिंत बंधू इल्ला." मिठापरीस चव नाही, आईपरीस सोयरं नाही. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडं अशी दोन भाषांची शिकवण एकाच उंबऱ्यावर मिळते.

चिमूटभर वस्तूचं एवढं कौतुक का, तर ती इथं पिकत नाही. भात आपला, ऊस आपला, पण मीठ घाटाखालचं. गोव्याच्या आणि वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांतून ते रामघाटासारख्या वाटांनी बैलांच्या पाठीवर चढायचं. ही ने-आण करणाऱ्या लमाणांचं नाव 'लवण' शब्दावरून पडलं असं सांगतात. घाटमाथ्यापासून दूर, कोरड्या पट्ट्यात उप्पार लोक खारवट मातीतून मीठ काढत. त्यांच्या नावातच 'उप्पू', म्हणजे कन्नडमधलं मीठ, आहे. इंग्रजी अमलात मातीचं मीठ बंद पाडलं गेलं आणि त्यांतले कितीतरी जण खोदाई-गवंडीकामाला लागले.

मिठाची खरी भानगड सरहद्दीवर झाली. गोव्याचं मीठ स्वस्त, इंग्रजी हद्दीत त्यावर कर, मग चोरटी वाहतूक होणारच. 1878 साली इंग्रजांनी पोर्तुगिजांशी तह केला आणि गोव्याच्या मिठाचं नियंत्रणच हाती घेतलं. बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये. हा तह 1892 पर्यंत चालला. मीठ समुद्राचं, खाणारे आपण, आणि सौदा दोन परक्या सरकारांचा! सीमेचा वाद आपल्याकडं काही आजचा नाही, हे त्यावरून ध्यानात यावं.

पुढं 1923 मध्ये मणामागचा कर सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये झाला. लोक चिडले आणि दुसऱ्याच वर्षी तो खाली आणावा लागला. त्याच 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव. 6 एप्रिल 1930 ला दांडीत त्यांनी मीठ उचललं आणि आठवड्याभरात, 13 एप्रिलला, कारवार जिल्ह्यातल्या अंकोल्यात सत्याग्रह झाला. मे महिन्यात शिरोड्याची मिठागरं गाजली. म्हणजे आपल्या पानातलं मीठ जिथून यायचं, तिथंच लाठ्या पडल्या. कर उठला तो 1947 मध्ये.

'खाल्ल्या मिठाला जागणं' हे चाकरीचं ब्रीद, दरबारातलं. कन्नडमध्येही मीठ खाल्लेल्या घराशी दगा करू नये असंच सांगतात. पण घरातली कृतज्ञता चाकरीची नव्हे. पान वाढताना सगळ्यात आधी मीठ, आणि देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र बहुतेक घरी मीठच नाही. कारण विचारा, घरागणिक वेगळं उत्तर. आजी म्हणायची, "समुद्र ज्याचा, त्याला चिमूटभर काय वाढायचं?" मला ते सगळ्यात पटतं.

मे 2006 पासून खाण्यासाठी विनाआयोडीन मीठ विकायला बंदी आहे. गलगंडाचा विचार करता ते योग्यच. तरी कैरीचं लोणचं घालायचं झालं की आई जाडं मीठच शोधते. एरवी पुड्यातलं मीठ त्याच जुन्या चिनी मातीच्या बरणीत ओतलं जातं. जूनमध्ये इकडं पाऊस धरला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. आई ते फेकत नाही, भाताच्या आधणात ओतते.