लहान गावातली नाताळ-प्रेमकादंबरी

इंग्रजी लोकप्रिय साहित्यातला एक कथाप्रकार. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये त्याचा वाचकवर्ग मोठा आहे. कथा एखाद्या काल्पनिक, बर्फाळ गावात घडते. काळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंतचा असतो, आणि नायक-नायिकेचे शेवटी जुळणार हे पुस्तक हाती घेतानाच ठाऊक असते. शरीरसंबंधांचे वर्णन टाळून चुंबनापाशी थांबणाऱ्या कादंबऱ्यांना प्रकाशक आणि वाचक ‘स्वीट रोमान्स’ म्हणतात. ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

कथानक : नायिका बहुधा शहरातून आलेली असते. नोकरी सुटलेली, साखरपुडा मोडलेला, किंवा आजीच्या पश्चात तिचे घर विकायला आलेली. नायक गावातच राहिलेला : सुतार, जनावरांचा डॉक्टर, अग्निशमन दलाचा जवान, लेकीला एकट्याने वाढवणारा विधुर. गाव दोघांना एका कामाला जुंपते. चर्चमधल्या मुलांचे नाटक बसवायचे असते, चौकातल्या रोषणाईची व्यवस्था पाहायची असते, किंवा डबघाईला आलेली बेकरी नाताळापर्यंत तगवायची असते. मध्येच हिमवादळ येते आणि रस्ते बंद होतात. एखादा गैरसमज होतो, तो फार ताणला जात नाही.

या सांगाड्याची खरी ताकद तारखेत आहे. इतर प्रेमकथांत पात्रांनी घाई का करावी याचे कारण लेखकाला शोधावे लागते. येथे २५ डिसेंबर कोणासाठी थांबत नाही. नायिकेचे परतीचे तिकीट, बँकेची मुदत, नाटकाचा प्रयोग, सगळे त्याच आठवड्यात येऊन पडते. त्यामुळे शेवट माहीत असूनही पाने उलटली जातात.

पूर्वपीठिका : नाताळाला जुन्या चालीरीतींची, शेकोटीची आणि भरल्या घराची ऊब चिकटवण्याचे काम वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकी लेखकाने १८१९–२० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्केच बुक’मधील लेखांतून केले. हे लेख इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या वाड्यातल्या नाताळाविषयी आहेत. १८४३ च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आले आणि नाताळासाठी म्हणून खास पुस्तक विकत घेण्याची सवय इंग्रजी वाचकांत रुजली. कडवट झालेल्या माणसाचे मन या दिवसांत वितळते, ही कल्पनाही तिथूनच पुढे चालत आली. आजच्या कादंबरीतला अबोल, दुखावलेला नायक त्याच घराण्यातला आहे.

लहान गावाची प्रतिमा मात्र अमेरिकी चित्रपटाने पक्की केली. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये जन्मभर गाव सोडू पाहणाऱ्या माणसावर नाताळाच्या आदल्या दिवशी संकट कोसळते आणि गावकरी पैसे घेऊन त्याच्या घरी जमतात. चित्रपट सुरुवातीला फारसा चालला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, म्हणून दूरचित्रवाणी वाहिन्या तो शुल्क न देता दर डिसेंबरात दाखवू लागल्या, आणि एका पिढीच्या मनात नाताळ म्हणजे चित्रपटातले बेडफर्ड फॉल्स हे काल्पनिक गाव असे समीकरण बसले.

प्रकाशन : लंडनची मिल्स अँड बून (१९०८) आणि कॅनडातल्या विनिपेग येथे सुरू झालेली हार्लेक्विन (१९४९) या संस्था १९७१ मध्ये एक झाल्या. लहान आकाराच्या, स्वस्त प्रेमकादंबऱ्या दरमहा काढण्याची त्यांची पद्धत नाताळ-कथांना सोयीची ठरली. ख्रिस्ती श्रद्धेला मध्यवर्ती स्थान देणारी ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिका हार्लेक्विनने १९९७ मध्ये सुरू केली. एरवी या कादंबऱ्यांत चर्च असते, गाणी असतात, पण धर्मचर्चा थोडीच असते.

एकाच गावावर अनेक पुस्तके लिहिण्याची प्रथा या प्रकाराला फार मानवली. डेबी मॅकोम्बर यांनी २००१ पासून वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट ऑर्चर्ड या आपल्या गावावर बेतलेले ‘सीडर कोव्ह’ उभे केले. रॉबिन कार यांचे उत्तर कॅलिफोर्नियातले ‘व्हर्जिन रिव्हर’ २००७ मध्ये आले. त्यांच्या मालिकेत चुंबनापाशी थांबण्याची मर्यादा कमी पाळली जाते, पण गावपणा तोच आहे. अशा मालिकांत एका पुस्तकात चहा देऊन गेलेली बाई पुढच्या पुस्तकाची नायिका होते आणि आधीचे जोडपे बाळाला घेऊन दुकानात भेटते. वाचकाचा त्या गावाशी वर्षानुवर्षांचा घरोबा होतो. हॉलमार्क चॅनलने २००९ पासून ‘काउंटडाउन टु ख्रिसमस’ या नावाखाली सलग नाताळपट दाखवायला सुरुवात केली, तर २०१३ मध्ये ‘सीडर कोव्ह’वरच आपली पहिली कथामालिका काढली. ‘व्हर्जिन रिव्हर’ २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. पुस्तके वाचून मालिका पाहणारे आणि मालिका पाहून पुस्तकांकडे वळणारे असे दोन्ही प्रवाह त्यातून वाढले.

ही पुस्तके बाजारात येतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून दिवाळी अंकाची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सणाआधी सणाचे वाचन सुरू होते, आणि वाचनानेच सण जवळ आल्यासारखा वाटतो.

आकर्षणाचे स्वरूप : ‘शेवट माहीत असताना वाचायचे कशाला?’ हा आक्षेप जुना आहे. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका गावातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की पुस्तक उघडून बसणे हाच त्या स्त्रियांसाठी हक्काचा वेळ होता. घरातल्या सर्वांची काळजी त्या घेत. त्यांची काळजी घेणारे कोणी नसे, आणि ती उणीव कथेतला प्रेमळ पुरुष भरून काढी. रॅडवे यांचा अभ्यास नाताळ-कथांचा नव्हता, पण डिसेंबराला तो नेमका लागू पडतो. पाश्चात्त्य घरात नाताळ म्हणजे भेटवस्तूंच्या याद्या, शुभेच्छापत्रे, पाहुण्यांचे बिछाने आणि मोठा स्वयंपाक. यातला बराचसा भार बाईवर पडतो. कादंबरीतल्या गावात हेच काम सगळे मिळून करतात. शेजारीण न सांगता पातेले घेऊन येते, पोस्टमास्तर शिडी धरतो, आणि जेवणानंतर भांडी घासायला नायक उभा राहतो. या पुस्तकांची ओढ प्रियकरापेक्षाही या वाटून घेतलेल्या कामात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपण चार दिवस दिसलो नाही तर चौकशीला कोणी तरी येईल, हा विश्वास शहरात एकट्याने राहणाऱ्याला कुठे विकत मिळत नाही.

दुसरे कारण दुःखाचे आहे. चांगल्या नाताळ-कादंबरीत जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असते : वारलेली पत्नी, न बोलणारा भाऊ, युद्धावरून न परतलेला मुलगा. सणात अशी माणसे अधिक आठवतात. नुसती दालचिनी, जिंजरब्रेड आणि गुबगुबीत कुत्रा यांवर भागवणारी पुस्तके म्हणूनच फिकी वाटतात. शोकाला जागा देऊन मग आनंद आणणारी पुस्तके वाचक दर वर्षी पुन्हा काढतात.

प्रत्यक्ष गावे : ही गावे निव्वळ स्वप्नातली नाहीत. शीला रॉबर्ट्स यांच्या ‘आयसिकल फॉल्स’ मालिकेमागे वॉशिंग्टन राज्यातले लेव्हनवर्थ आहे. रेल्वेचे केंद्र हलले, लाकूड गिरणी बंद पडली आणि हे गाव ओस पडू लागले. १९६० च्या दशकात गावकऱ्यांनी मुख्य रस्त्यावरची दुकाने जर्मनीतल्या बव्हेरियन धाटणीने सजवली आणि नाताळची रोषणाई सुरू केली. आज हिवाळ्यात तिथे पर्यटकांची रीघ लागते. उत्सव भरवून गाव वाचवणे हे कादंबरीतले हुकमी कथानक लेव्हनवर्थमध्ये माणसांनी खरेच जगून दाखवले आहे. महामार्गालगतच्या मोठ्या दुकानांमुळे ज्यांच्या गावातला बाजार बसला, त्या वाचकांना बेकरी वाचवण्याची गोष्ट क्षुल्लक वाटत नाही.

महाराष्ट्रात : मिल्स अँड बूनची पुस्तके मुंबई-पुण्याच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्ररींतून अनेक पिढ्यांनी वाचली, २००८ मध्ये या संस्थेने भारतातही प्रकाशन सुरू केले. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला बर्फ आणि पाइनची झाडे परकी असली, तरी येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारण्यातली चढाओढ आणि कॅरलच्या, म्हणजे नाताळगीतांच्या, तालमी या घरच्याच गोष्टी आहेत.

मर्यादा : या गावांत औषधपाण्याचा खर्च क्वचित दिसतो, चार गिऱ्हाइकांवर दुकान चालते, आणि सुख मिळवायला बाईने शहरातले काम सोडावे असे वारंवार सुचवले जाते. शेवटची खोड खरोखरच खटकणारी आहे. अलीकडच्या काही लेखिका नायिकेचे काम तिच्यासोबत गावात आणतात. बराच काळ या गावांतली माणसे जवळपास सगळी गोरी होती, हा आक्षेपही रास्त आहे. नाताळापुरत्या मर्यादित नसलेल्या बेव्हर्ली जेन्किन्स यांच्या ‘ब्लेसिंग्ज’ मालिकेने (२००९ पासून) त्याला ठोस उत्तर दिले. तिचे केंद्र आहे कॅन्सस राज्यातले हेन्री अ‍ॅडम्स हे काल्पनिक गाव, यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेले. घटस्फोटातून मोठी रक्कम हाती आलेली नायिका विक्रीला निघालेले हे गावच विकत घेते आणि अनाथ, निराधार मुलांना तिथे घरे मिळवून देते. साचा तोच आहे, गाव वाचवणारी बाई आणि तिला आपले म्हणणारे शेजारी. पण येथे गाव टिकवणे म्हणजे पूर्वजांनी कष्टाने मिळवलेली जमीन टिकवणे असते.