संचाची चिन्हं असलेला पेपर छपाईला आणताना

चाचणी जवळ आली की गणिताच्या सर-टीचरांचा तोच फोन येतो: "आमच्या फाईलीत बरोबर होतं, तुमच्याकडे चिन्ह कसं बदललं?" आम्ही बदलत नाही. होतं काय, ते बघा.

∈ म्हणजे 'घटक आहे'. जुने टायपिस्ट हे चिन्ह सिंबॉल फाँट लावून, आल्ट दाबून ०२०६ मारून काढायचे. अजूनही बरेच जण तसंच काढतात. पडद्यावर ∈ दिसतं, पण फाईलीत असतो डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी आय. मग शेवटी 'सगळा पेपर एकसारखा दिसू दे' म्हणून कंट्रोल-ए करून फाँट बदलला, की टोपीवाला आय उघडा पडतो. छेदाच्या ∩ चा शेपटीवाला सी होतो, रिक्त संचाच्या ∅ चे चिकटलेले ए-ई. एका शाळेचा पेपर असाच आला, आम्हीही घाईत छापला आणि दीड रीम कागद रद्दीत गेला. तेव्हापासून प्रूफवर सही झाल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. काहीजण म्हणतात, उशीर लावता. लावतो.

वर्डमध्ये कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, २२०८ टाईप करा आणि लगेच आल्ट-एक्स दाबा. ∈ उमटेल. ∉ म्हणजे 'घटक नाही', त्याला २२०९, रिक्त संच ∅ ला २२०५, छेद ∩ ला २२२९, उपसंच ⊂ ला २२८२. ही युनिकोडची, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेली चिन्हं, फाँट बदलला तरी चिन्हच राहतात. फक्त आकड्याआधी स्पेस सोडा. '५' ला चिकटून २२०८ मारलंत तर वर्ड ५२२०८ वाचतं आणि भलताच चौकोन येतो.

फोनवरून टाईप करणारे ∈ च्या जागी युरोचं € टाकतात, ∅ च्या जागी ग्रीक फाय. ∅ चा फायशी संबंध नाही. फ्रेंच गणिती आंद्रे वेईल यांनी ते नॉर्वेजियन अक्षरावरून घेतलं. फोनवाल्यांनी व्हॉट्सअपवर मागावं, चिन्हांची तयार ओळ पाठवतो. कॉपी करून चिकटवा.

कन्नड पेपरात 'गण', मराठीत 'संच', चिन्ह तेच. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पेपर आमच्याकडे एकाच वेळी लागतात. खानापूर-निपाणीकडच्यांनी वर्ड फाईलीसोबत पीडीएफही पाठवावी, बेळगावची एक फेरी वाचते. हाताने लिहिलेला पेपरही घेतो. टायपिंगचा दर पानामागे, चिन्हांचे जादा पैसे नाहीत.