गोबीत तेल शिरते तरी केव्हा?

बेळगावात संध्याकाळी कुणी "गोबी खाऊया" म्हटले, तर फ्लॉवरची भाजी कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. मैदा आणि कॉर्नफ्लोअरच्या आवरणात तळलेले, सोया सॉसमध्ये परतलेले, लालभडक गोबी मंचुरियन एवढाच या शब्दाचा अर्थ आता उरला आहे. नाव चिनी वाटले तरी हा पदार्थ आपल्याकडचाच आहे. मंचुरियनचा जन्म मुंबईतला असून 1975 च्या सुमारास नेल्सन वांग यांनी तो कोंबडीचा करून वाढला, असे सांगितले जाते. फ्लॉवर त्यात नंतर आला आणि कर्नाटकात तर त्याने कोंबडीला पार मागे टाकले.

हीच गोबी घरी, कमी तेलात करावी असे टिळकवाडीतल्या आम्हा चार मित्रमैत्रिणींनी एका रविवारी ठरवले. पहिल्या खेपेला आम्ही फ्लॉवरचे तुरे सरळ वाफवले आणि सॉसमध्ये घोळवले. मैत्रिणीच्या आईने एक तुरा तोंडात टाकून निकाल दिला, "ही गोबी कुठली रे, फ्लॉवरची भाजी झाली की!" निकाल योग्यच होता, कारण तळणीतले तेल नेमके काय काम करते याचा विचार न करताच आम्ही ते काढून टाकले होते.

ते काम मुख्यतः उष्णता पोहोचवण्याचे असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते, आणि उघड्या भांड्यातली वाफही त्याहून फारशी तापत नाही. अन्नाला खमंगपणा आणि तांबूस रंग देणारी, प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडली, ती मात्र 140 अंशांच्या आसपास खरा वेग घेते. आपला कुंदा हे तिचे घरचेच उदाहरण आहे. दुधातले पाणी बऱ्यापैकी आटेपर्यंत तो रंग धरत नाही. तळणीचे तेल 170 ते 180 अंशांपर्यंत तापत असल्यामुळे पदार्थाचा पृष्ठभाग काही मिनिटांतच कोरडा होऊन तांबूस होतो.

आता प्रश्न तेल आत शिरण्याचा. तुरा कढईत सोडताच जे बुडबुडे उसळतात, ते तेलाचे नसून तुऱ्यातल्या पाण्याच्या वाफेचे असतात. ही वाफ आवरणातल्या सूक्ष्म छिद्रांतून जोराने बाहेर पडत असते आणि ती बाहेर पडत आहे तोवर तेलाला आत जायला फारशी वाट मिळत नाही. तुरा कढईबाहेर आला की चित्र पालटते. तो निवू लागतो, छिद्रांत उरलेल्या वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे पदार्थातल्या तेलाचा मोठा भाग उकळत्या कढईत नव्हे, तर झारा वर उचलल्यानंतरच्या क्षणांत आत जातो.

हे एकदा कळले की उपायही सुचतात. झारा कढईवरच धरून चांगला झटकावा आणि तुरे कागदावर ढीग करून न ठेवता गरम असतानाच जाळीवर सुटे पसरावेत. एका वेळी फार तुरे सोडले तर तेल थंडावते, वाफेचा जोर कमी होतो आणि तळायला वेळही अधिक लागतो, म्हणून घाणे लहान असावेत. तुरे मात्र फार लहान करू नयेत, कारण तुकडे जितके बारीक तितका एकूण पृष्ठभाग, आणि त्यावर चिकटणारे तेल, अधिक. आवरणातला निम्मा मैदा काढून तांदळाचे पीठ घातले तर तेल कमी शोषले जाते आणि कुरकुरीतपणाही वाढतो. या सगळ्याचा हिशेब ज्याला हवा असेल, त्याने तळण्यापूर्वी आणि तळण गार झाल्यावर कढई तेलासकट वजनकाट्यावर ठेवावी. एक ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात. पीठ किंवा साखर यांतून 4. कढईचे वजन 60 ग्रॅमने घटले, तर 540 किलोकॅलरी ताटात आणि जाळीखालच्या कागदावर वाटल्या गेल्या असे समजावे.

आमचे समाधान शेवटी पड्डूच्या, म्हणजे आप्प्यांच्या, बिडाच्या पात्राने केले. त्याच्या प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल सोडून पिठात घोळवलेला तुरा ठेवला, की खळग्याचा गोल तळ त्याला खालून आणि बाजूंनी भिडतो. तेलाचा पातळ थर बीड आणि तुरा यांच्यामधल्या हवेची जागा घेतो आणि हवेपेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहतो. तुरे आधी अर्धवट उकडून फडक्यावर कोरडे करून घ्यावे लागतात आणि उलटताना थोडा धीर धरावा लागतो. चव गाड्यावरच्या गोबीच्या जवळ जाते; अगदी तीच असते असे मी म्हणणार नाही.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 नमुन्यांत असे रंग आढळले होते. घरी त्यांची गरजच नाही. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य आहे, तर आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वराच्या नावाची मिरची तिखटासाठी आहे. ब्याडगीचा लाल रंग ज्या कॅरोटिनॉइडांमुळे येतो, ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून ब्याडगीची पेस्ट चमचाभर तेलात मंद आचेवर परतली की सॉसला जो रंग चढतो, तो तीच पेस्ट नुसत्या पाण्यात उकळून चढत नाही. बिनतेलाच्या पाककृतींवर माझा फारसा विश्वास नाही, त्याचे हेही एक कारण.

तेल मोजण्याच्या नादात मिठाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ. आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. चौघांच्या गोबीला एक मोठा चमचा सॉस आणि भरपूर आले, लसूण व कांद्याची पात पुरते. वरून मीठ घालू नये.

शेवटचे काम वेळेचे आहे आणि ते एकट्याला साधत नाही. कुरकुरीत आवरण म्हणजे पाणी निघून गेल्याने कडक झालेला स्टार्च. त्यात सॉसमधले आणि तुऱ्याच्या गाभ्यातले पाणी परत मुरले की तो काही मिनिटांतच लिबलिबीत होतो. त्यामुळे आमच्याकडे एक जण पात्रावर असतो, एक जण सॉसपाशी, तिसरी पात चिरते आणि चौथ्याने ताटे मांडून सगळ्यांना बसवल्यावरच तुरे सॉसमध्ये पडतात.